थांबलेल्या बेचक्याचे राखणदार

सुरतेत नानखटाईची गोष्ट सांगायला बसलं की ती पावापासून सुरू होते. डच व्यापारी तापीकाठचा बाडबिस्तरा आवरून निघाले, तेव्हा त्यांची भट्टी फरामजी पेस्तनजी दोटीवाला या गृहस्थांकडे आली, असं सांगतात. त्या भट्टीतला पाव ताडीवर फुगवलेला असे. गोरं गिऱ्हाईक आटलं, ताडीचा पाव घ्यायला गावातले लोक बिचकत, त्यामुळे पाव पडून राहून वाळे. मग त्या वाळक्या पावालाच गिऱ्हाईक लाभलं आणि बिस्किटं, नानखटाई असा पसारा वाढला. दोटीवालांची बेकरी १८६१ सालची मानतात. या कथेत इतिहास किती आणि दंतकथा किती, याचा निवाडा कोणी तरी करीलच. ताडीचा भाग मात्र सहज पटणारा आहे. ताडाच्या किंवा माडाच्या रसात रानटी यीस्ट आपसूक वाढतं, साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, पिठात सूर, म्हणजे माडी, घालत आले ते याच कारणासाठी.

ताडीत इतर सूक्ष्मजीवांबरोबर जे यीस्ट हमखास सापडतं, त्याचं शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. पाव, बिअर, वाइन आणि साखर कारखान्याच्या मळीपासून निघणारा अल्कोहोल, या सगळ्यांमागे हाच एकपेशीय जीव आहे. पुढच्या पानांत गोष्ट याच जीवाची आहे, पण त्याच्या पोटातली. तो आपल्या डीएनएची नक्कल कशी करतो, नक्कल करताना अडखळला तर काय करतो आणि त्या अडखळण्यात त्याचा सगळा जनुकसंच विस्कटून कसा जात नाही, हा या लेखनाचा विषय.

पोटभर साखर आणि तीस अंश सेल्सिअसची ऊब मिळाली, तर यीस्टच्या एका पेशीच्या साधारण दीड तासात दोन पेशी होतात. तेवढ्या वेळात १६ गुणसूत्रांवरच्या सुमारे १ कोटी २० लाख अक्षरांची नक्कल व्हावी लागते. तीही एकदाच. एखादा तुकडा दोनदा नकलला गेला किंवा राहून गेला, तर पुढच्या पेशीचं काही खरं नाही. प्रत्यक्ष नक्कल तर या दीड तासातल्या अर्ध्यापाऊण तासातच उरकते. ती शेकडो ठिकाणी एकदम सुरू होते. प्रत्येक ठिकाणी डीएनएचा दुहेरी पीळ उलगडतो आणि दोन दिशांना दोन बेचकी धावू लागतात. बेचक्याच्या तोंडाशी पीळ सोडवणारं यंत्र असतं, त्याच्या मागे नवी अक्षरं जोडणारी पॉलिमरेझ नावाची प्रथिनं असतात. पाठ्यपुस्तकातलं चित्र इथे संपतं. ते चित्र खोटं नाही, पण त्यात सगळं सुरळीत चाललेलं असतं. खऱ्या पेशीत सुरळीत असं फार काही चालत नाही.

सुरतेच्या मराठी वाचकाने या भानगडीत का पडावं, असा प्रश्न कोणी विचारील. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेल्या लाखो लोकांचा संसार आहे, आणि रोजच्या धावपळीत यीस्टच्या प्रथिनांना कुठे जागा असणार? पण त्याच नंदुरबारपासून तापी आणि सुरत जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यापर्यंत एक आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तो म्हणजे सिकलसेल. उमरपाडा, मांडवी, महुवा, सोनगड, व्यारा या बाजूच्या चौधरी, गामित, वसावा अशा समाजांत सिकलसेलचे वाहक मोठ्या प्रमाणात आहेत. काही समाजांत दर दहा माणसांत एक किंवा त्याहूनही जास्त. सातपुड्याच्या महाराष्ट्राकडच्या उतारावर भिल्ल आणि पावरा वस्त्यांतही हेच दुखणं आहे. वलसाडचे डॉ. यझदी इटालिया यांनी गुजरातच्या सिकलसेल नियंत्रण कार्यक्रमाची घडी बसवली आणि त्यासाठी त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट आहे.

सिकलसेल म्हणजे डीएनएतल्या एका अक्षराचा फरक. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीची कृती ज्या जनुकात लिहिलेली आहे, तिथे एका जागी ‘ए’च्या ठिकाणी ‘टी’ आला. त्यामुळे साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं. प्राणवायू सुटला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दांड्यासारखं ताठ होतं आणि तांबडी पेशी कोयत्यासारखी वाकते. लायनस पाउलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये याला ‘रेणूचा आजार’ म्हटलं. व्हर्नन इंग्रॅम यांनी पुढच्या दशकात नेमकी जागा दाखवली. हजारो वर्षांपूर्वी कोणाच्या तरी बीजपेशीत झालेला तो बदल आज उमरपाड्याच्या पोराचे गुडघे दुखवतो. हिवतापाच्या मुलखात वाहकांना त्याचा फायदा झाला म्हणून तो टिकला, हे खरं. तरी नकलेत चुकलेलं एक अक्षर किती लांब पोहोचतं, याचं याहून बोलकं उदाहरण सापडणं कठीण.

पण सिकलसेल आणि यीस्ट यांना जोडणारा दुवा हा नव्हे. तो दुवा औषधाचा आहे.

सिकलसेलच्या रुग्णांना सरकारी दवाखान्यातून जी कॅप्सूल मिळते, तिच्यात हायड्रॉक्सीयुरिया असतं. हे साधं, लहानसं रसायन १८६९ मध्ये जर्मनीत ड्रेस्लर आणि स्टाइन यांनी प्रथम तयार केलं. पुढे जवळपास शंभर वर्षं औषध म्हणून त्याला फारसं कोणी विचारलं नाही. १९६७ मध्ये अमेरिकेत ते कर्करोगावरचं औषध म्हणून मान्य झालं. १९८४ मध्ये सिकलसेलच्या रुग्णांवर त्याचे पहिले प्रयोग प्रसिद्ध झाले. १९९५ च्या मोठ्या चाचणीत औषध घेणाऱ्या प्रौढ रुग्णांना वर्षाला साधारण अडीच वेळा असह्य वेदनांचा झटका आला, तर न घेणाऱ्यांना साडेचार वेळा. १९९८ मध्ये सिकलसेलसाठी त्याला अमेरिकी मान्यता मिळाली. औषधाने गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं आणि ते कोयताकार दांड्यांत सामील होत नाही, हा त्याचा मुख्य फायदा.

आता हेच हायड्रॉक्सीयुरिया प्रयोगशाळेत यीस्टच्या माध्यमात घातलेलं आढळतं. द्रव माध्यमात त्याचं ठरलेलं प्रमाण लिटरमागे पंधरा ग्रॅमच्या आसपास. रुग्णाच्या रक्तातलं प्रमाण त्याच्या शेकडो पटींनी कमी असतं, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. नाही तर वाचणारा घाबरून कॅप्सूल टाकून द्यायचा. डीएनएची अक्षरं तयार करणारं एक प्रथिन असतं, रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेझ. हायड्रॉक्सीयुरिया त्याला निकामी करतं. अक्षरांचा पुरवठा आटतो आणि धावणारी बेचकी वाटेतच अडकतात.

या प्रयोगाचं सर्वांत साधं रूप कोणत्याही जीवशास्त्र विभागात पाहायला मिळतं. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीत अगारचा घट्ट थर. यीस्टचा गढूळ द्रव दहा-दहा पटींनी पातळ करत पाच-सहा वेळा विरळ करायचा आणि प्रत्येक पातळीचा इवलासा थेंब एका ओळीत ठेवायचा. एक बशी साधी, दुसरीत हायड्रॉक्सीयुरिया. दोन-तीन दिवस तीस अंशांवर ठेवलं की साध्या बशीत सगळ्या ओळी पांढरटसर, गुबगुबीत ठिपक्यांनी भरतात. औषधाच्या बशीत निरोगी यीस्टचे ठिपके थोडे लहान होतात, पण ओळीच्या टोकापर्यंत दिसतात. मेक-१ किंवा रॅड-५३ हे जनुक बिघडलेल्या यीस्टच्या ओळीत पहिल्या दाट थेंबापाशी पुसटसा डाग, पुढे कोरा अगार. उपकरण म्हणावं असं यात काही नाही. एवढ्या दरिद्री सामग्रीवर जनुकसंचाच्या राखणीचं अर्धं शास्त्र उभं राहिलं आहे, आणि भारतासारख्या देशातल्या प्रयोगशाळांना यीस्ट का परवडतं, याचंही उत्तर त्यात आहे.

त्या कोऱ्या अगारावर काय घडतं, हे समजायला बरीच वर्षं लागली. त्या शोधाची सुरुवात क्ष-किरणांपासून झाली. सिअॅटलला लेलँड हार्टवेल यांनी १९७० च्या आगेमागे पेशीविभाजनाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर अडणाऱ्या यीस्टच्या जाती शोधून काढल्या होत्या. २००१ चं नोबेल त्यांना पॉल नर्स आणि टिम हंट यांच्याबरोबर मिळालं ते या कामाच्या पायावर. १९८८ मध्ये टेड वाइनर्ट आणि हार्टवेल यांनी वेगळाच प्रश्न विचारला. क्ष-किरणांनी डीएनए तुटला की निरोगी यीस्ट विभाजन थांबवतं, तुटलेलं सांधतं आणि मग पुढे जातं. रॅड-९ हे जनुक नसलेलं यीस्ट थांबतच नाही. तुटलेली गुणसूत्रं घेऊन विभागतं आणि मरतं. मग त्याला सांधण्याचं काम येत नाही, की थांबण्याचं? त्यांनी दुसरं एक औषध देऊन त्या यीस्टला जबरदस्तीने थांबवून ठेवलं, आणि त्यातल्या बऱ्याच पेशी वाचल्या. सांधणं त्यांना येत होतं. वाट पाहणं येत नव्हतं. पेशीत तपासणीचे नाके असतात आणि ते नाके म्हणजे विशिष्ट प्रथिनांचं काम आहे, ही कल्पना या प्रयोगाने पक्की केली. जीवशास्त्रात इतके स्वच्छ प्रयोग क्वचितच होतात.

हायड्रॉक्सीयुरियाच्या बाबतीतही असंच असेल, असं बराच काळ वाटत होतं. मेक-१ किंवा रॅड-५३ नाही, म्हणून पेशी अर्धवट नक्कल घेऊन विभाजनाला धावते आणि मरते. तिला रोखून धरलं तर ती वाचेल. तसं झालं नाही. रोखून धरलेल्या पेशीही मेल्या. २००१ मध्ये दोन गटांनी, इंग्लंडमध्ये टेर्सेरो आणि डिफली यांनी आणि इटलीत मार्को फोयानी यांच्या प्रयोगशाळेने, याचा छडा लावला. राखणदार प्रथिनं जागेवर असतील, तर औषध धुऊन टाकल्यावर अडकलेली बेचकी पुन्हा धावू लागतात. ती नसतील, तर बेचकी तिथल्या तिथे मोडून पडतात आणि औषध काढून घेतलं तरी उठत नाहीत. पुढच्याच वर्षी सोगो, लोपेस आणि फोयानी यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती मोडलेली बेचकी दाखवली. निरोगी यीस्टमधलं थांबलेलं बेचकं तीन फांद्यांचं, नीटनेटकं दिसतं. रॅड-५३ नसलेल्या यीस्टमध्ये कित्येक बेचक्यांत एकेरी धाग्याचे लांबच लांब उघडे पट्टे आहेत, तर काही बेचक्यांच्या नव्या पट्ट्या जुन्यांपासून सुटून एकमेकींना चिकटल्या आहेत आणि तिथे चौथी फांदी फुटली आहे.

सुरतेच्या वाचकाला इथे यंत्रमाग आठवेल. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, कारागीर येऊन धागा जोडतो आणि माग पुन्हा खडखडू लागतो. मात्र थांबलेल्या मागावरचं कापड होतं तसं राहतं; पेशीत तसं नसतं. नक्कल थांबली की उघड्या पडलेल्या धाग्याला स्वस्थ बसता येत नाही. तो वेटोळी घालतो, जवळच्या धाग्याशी जुळतो, कापणाऱ्या प्रथिनांच्या तावडीत सापडतो. म्हणून थांबवण्याइतकंच थांबलेलं धरून ठेवण्याचं काम महत्त्वाचं. या सगळ्या लेखनाचा गाभा एका वाक्यात सांगायचा, तर तो हाच.

हे धरून ठेवणारे कोण, ते थोडक्यात पाहू. उघडा एकेरी धागा दिसला की आरपीए नावाचं प्रथिन त्यावर ओळीने बसतं. आरपीएचा असा लांबलचक थर साचला की मेक-१ हे प्रथिन आपल्या जोडीदारासह तिथे येतं. अडचणीची खूण त्याला एवढीच लागते. मेक-१ पुढे रॅड-५३ ला जागं करतं. मग रॅड-५३ एकाच वेळी अनेक आघाड्यांवर हालचाल करतं. ज्या ठिकाणी नक्कल अजून सुरू व्हायची आहे, तिथे ती सुरू होऊ देत नाही, कारण अक्षरांची टंचाई असताना नवी बेचकी उघडण्यात शहाणपण नाही. अक्षरं बनवणाऱ्या जनुकांचं काम वाढवतं. विभाजन रोखतं. आणि अडकलेली बेचकी सावरून ठेवतं. या शेवटच्या कामाची सगळी कलमं अजूनही शोधली जात आहेत.

मेक-१ ची एक उपकथा सांगण्याजोगी आहे. हे जनुक पूर्ण काढून टाकलं, तर यीस्ट कोणत्याही औषधाशिवायच मरतं. मग त्यावर प्रयोग कसे करायचे? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रॉडनी रॉथस्टाइन यांच्या गटाला काही पेशी सापडल्या, ज्या मेक-१ नसतानाही जगत होत्या. त्यांच्यात आणखी एक जनुक बिघडलेलं होतं. १९९८ मध्ये त्याची ओळख पटली: एसएमएल-१. हे प्रथिन अक्षरं बनवणाऱ्या रिडक्टेझला धरून बसतं. म्हणजे पेशीनेच स्वतःच्या अक्षरपुरवठ्यावर एक लगाम ठेवला आहे, आणि नकलेच्या वेळी किंवा संकटात तो लगाम सैल करणं हे मेक-१ चं रोजचं काम आहे. हायड्रॉक्सीयुरिया बाहेरून जिथे घाव घालतं, तिथेच पेशीने आतून चावी बसवलेली असावी, हे कळल्यावर त्या क्षेत्रातल्या लोकांना किती आनंद झाला असेल!

दुसरं त्रिकूट टॉफ-१, सीएसएम-३ आणि एमआरसी-१ यांचं. ही तिन्ही प्रथिनं बोलावण्याची वाट पाहत नाहीत. ती बेचक्याबरोबरच प्रवास करतात. २००३ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की टॉफ-१ किंवा एमआरसी-१ नसेल तर हायड्रॉक्सीयुरियात विचित्र प्रकार घडतो. अक्षरं जोडणारं यंत्र मागे अडकून पडतं आणि पीळ सोडवणारं यंत्र तसंच पुढे निघून जातं. दोघांतला दुवा तुटतो आणि मध्ये नुसता उघडा धागा उरतो. केंब्रिजमध्ये जोसेफ यील्स यांनी अलीकडे ही सगळी यंत्रणा शुद्ध प्रथिनांपासून परीक्षानळीत उभी केली. २०१७ मध्ये दिसलं की हे त्रिकूट असेल तरच नक्कल पेशीतल्या खऱ्या वेगाने चालते. २०२० च्या चित्रांत टॉफ-१ आणि सीएसएम-३ बेचक्याच्या अगदी पुढे, अजून न उलगडलेल्या दुहेरी पिळाला धरून बसलेले दिसले. वेग देणारे आणि अडचणीत बांधून ठेवणारे तेच. सुरक्षा आणि उत्पादन ही दोन वेगळी खाती असतात, या आपल्या समजाला पेशी भीक घालत नाही.

बेचकं सलामत राहिलं तरी अक्षर चुकू शकतं. पॉलिमरेझकडून साधारण लाखात एक अक्षर चुकतं, त्यातल्या बहुतेक चुका ते स्वतःच मागे येऊन खोडतं. ज्या उरतात त्या दुरुस्त करायला एमएसएच-२, एमएलएच-१ अशा प्रथिनांची तुकडी मागून फिरते. शेवटी अब्जावधी अक्षरांत एखादीच चूक टिकते. या तुकडीची थोरवी १९९३ मध्ये सगळ्या जगाला कळली. त्या वर्षी सप्टेंबरात थॉमस पीट्स आणि सहकाऱ्यांनी लिहिलं, की यीस्टमध्ये ही जनुकं बिघडली तर डीएनएतल्या एकसारख्या पुनरावृत्तीच्या पट्ट्यांची लांबी शंभर ते सातशे पट जास्त वेळा बदलते. काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या होणाऱ्या आतड्याच्या कर्करोगात अगदी असेच पट्टे अस्थिर झालेले तेव्हा नुकतेच दिसले होते. यीस्टने बोट दाखवलं आणि त्या वर्षाअखेरीस मानवातलं एमएसएच-२ सापडलं. आज अशा घराण्यांत, म्हणजे लिंच सिंड्रोम असलेल्या कुटुंबात, कोणाची तपासणी करायची, हे ज्या जनुकांवरून ठरतं, त्यांची ओळख अशी पावाच्या यीस्टमधून झाली आहे.

अशी उदाहरणं आणखीही आहेत. सूर्यप्रकाशाने खराब झालेल्या जागेवरून नक्कल पुढे नेणारं रॅड-३० हे पॉलिमरेझ जॉन्सन आणि सत्य व लुईस प्रकाश यांनी १९९९ मध्ये यीस्टमध्ये दाखवलं. त्याच वर्षी कळलं, की मानवातलं त्याचं भावंड बिघडलं तर उन्हाने त्वचेचा कर्करोग होणारा एक वंशागत आजार जडतो. एसजीएस-१ हे गुंते सोडवणारं प्रथिन. त्याचा मानवी नातलग बिघडला की ब्लूम सिंड्रोम होतो: उंची खुंटते, कर्करोग लवकर आणि अनेक प्रकारचे होतात. मेक-१ चा मानवी नातलग एटीआर. तो अंशतः बिघडला तर सेकेल सिंड्रोम हा वंशागत आजार होतो, आणि उंदरात पूर्ण काढला तर गर्भच जगत नाही, जसं मेक-१ नसलेलं यीस्ट जगत नाही. कर्करोगाच्या पेशी अडखळत, घाईघाईने नक्कल करतात, म्हणून एटीआरवर त्या जास्त विसंबून असतात. त्याला रोखणारी औषधं सध्या रुग्णांवर तपासली जात आहेत.

भारतात या विषयाला घर नाही असं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९५१ पासून औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि देशभरातल्या महाविद्यालयांना यीस्टच्या जाती तिथून मिळतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. मुनियप्पा यांनी यीस्टमधल्या हॉप-१ सारख्या प्रथिनांवर काम केलं. भुवनेश्वरला नरोत्तम आचार्य यांचा गट पॉलिमरेझ आणि त्यांना डीएनएवर धरून ठेवणाऱ्या कड्यांचा अभ्यास करतो. आयआयटी मुंबईत यीस्टच्या गुणसूत्रांची वाटणी कशी होते, यावर संशोधन चालतं. मराठीत मात्र या विषयावर अभावानेच लिहिलं जातं. ‘जनुक म्हणजे नशीब’ या थाटाचे लेख पुष्कळ येतात; जनुकं रोज जागच्या जागी ठेवण्यासाठी पेशीत किती राबावं लागतं, याबद्दल त्यांत चकार शब्द नसतो. डीएनए आपोआप टिकून राहतो, हा त्यातून पसरणारा गैरसमज. तो टिकत नाही, टिकवला जातो.

यीस्टची मर्यादाही मान्य करायला हवी. यीस्टला रक्त नाही, त्याला सिकलसेल होत नाही, कर्करोग होत नाही. सिकलसेलच्या रुग्णाच्या अस्थिमज्जेत हायड्रॉक्सीयुरियाने गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन नेमकं कशाने वाढतं, हे यीस्ट सांगू शकत नाही. त्याचा जनुकसंच माणसाच्या तुलनेत शेकडो पटींनी लहान आहे आणि नक्कल कुठून सुरू करायची याचे त्याचे नियम आपल्यापेक्षा बरेच काटेकोर आहेत. तेव्हा यीस्टवरून माणसावर उडी मारताना प्रत्येक वेळी खाली पाहावं लागतं. जिथे पाहून उडी मारली, तिथे ती फुकट गेलेली नाही.

वाचकाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली नावांबद्दल. मेक, रॅड, टॉफ, एमआरसी या नावांनी दबून जाऊ नये. ती बहुतेक अपघाताने पडलेली आहेत. किरणांना बळी पडणाऱ्या जातींच्या यादीत तिसरा-नववा क्रमांक लागला म्हणून कोणी रॅड झालं. मेक-१, रॅड-५३, टॉफ-१ आणि एमएसएच-२ एवढी चार ध्यानात ठेवली तरी पुढचा सगळा मजकूर वाचता येईल. ज्यांना रसायनशास्त्राची सवय नाही त्यांनी बेचक्याचं वर्णन आधी वाचावं, अक्षरांच्या दुरुस्तीकडे मग वळावं.

दुसरी गोष्ट सिकलसेलच्या घरांसाठी. इथे हायड्रॉक्सीयुरियाबद्दल जे लिहिलं आहे ते त्याच्या कामाची रीत समजावी म्हणून. त्यावरून कोणी कॅप्सूल कमी करू नये, वाढवू नये, बंद तर मुळीच करू नये. डॉक्टर ठरावीक काळाने रक्ततपासणीला बोलावतात, कारण हे औषध अस्थिमज्जेतल्या नकलेचा वेग कमी करतं आणि पेशींची संख्या पाहूनच त्याचं प्रमाण ठरवावं लागतं. ती तपासणी चुकवू नये. आणि ज्या समाजांत हा आजार आहे, तिथल्या मुलामुलींनी लग्नाआधी आपण वाहक आहोत का, हे तपासून घ्यावं. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.